बारा बाय दहाची खोली, ९५चा उंचवटा आणि १४३चा खळगा

घोडबंदर रोडवरच्या एका नव्या टॉवरमधला टू बीएचके. आतल्या बेडरूममध्ये मिक्सिंगची खोली केलेली. काम मुख्यतः अभंग, भावगीतं आणि नाटकांचं पार्श्वसंगीत. यामाहा एचएस७ स्पीकरची जोडी, टेबल, मागे सोफा, उजवीकडे कपाट, डावीकडे सरकती खिडकी. तक्रार एकच होती, पण दोन तोंडांची: खोलीत डग्गा इतका भरून येतो की मिक्समध्ये तो खाली घ्यावाच लागतो, आणि तीच फाइल गाडीत लावली की डग्गा गायब. तबलजींनी सरळच विचारलं होतं, "दादा, डग्गा काढून टाकलात का माझा?" तानपुऱ्याचं बरोबर उलट. काळी एकच्या अभंगात जोडाच्या तारा खोलीत बारीक वाटायच्या, म्हणून वर घेतल्या जायच्या. बाहेर मात्र तानपुरा गायकाच्या अंगावर यायचा.

मिक्स करणाऱ्याचा कान चांगला होता. कानापर्यंत जे पोचत होतं त्याप्रमाणे त्याने प्रत्येक निर्णय बरोबरच घेतला होता. पोचत होतं तेच चुकीचं होतं.

खोलीचं गणित

लांबी बारा फूट, रुंदी दहा, उंची नऊ, म्हणजे ३.६६ × ३.०५ × २.७४ मीटर, आकारमान सुमारे ३०.६ घनमीटर. इमारत मायव्हान शटरिंगची, म्हणजे बाहेरच्या आणि आतल्याही भिंती ओतीव काँक्रीटच्या. हा मुद्दा बारीक वाटेल, पण ठाण्यातल्या नव्या टॉवरमध्ये खोली करताना सगळं इथूनच सुरू होतं. जिप्समचं पार्टिशन खर्जाला थोडं थरथरतं, काही ऊर्जा खातं, काही पलीकडे जाऊ देतं. ओतीव काँक्रीट जवळजवळ सगळी परत पाठवतं. शेजाऱ्यांसाठी ते चांगलं, ऐकणाऱ्यासाठी वाईट.

समोरासमोरच्या दोन भिंतींमधलं अंतर ध्वनीच्या अर्ध्या तरंगलांबीएवढं झालं, की त्या कंपनसंख्येला खोली स्वतःच वाजायला लागते. याला खोलीचा मोड म्हणतात. हिशेब सोपा: ध्वनीचा वेग भागिले अंतराची दुप्पट, हा पहिला मोड; पुढचे त्याच्या दुपटीला, तिपटीला. वेग पुस्तकात ३४३ मीटर दर सेकंद दिलेला असतो, तो २० अंश तापमानाचा. एसी लावलेल्या २५ अंशांच्या खोलीत ३४६ धरावा. मग लांबीचे मोड ४७, ९४.५ आणि १४२ हर्ट्झला येतात, रुंदीचे ५७ आणि ११३ला, उंचीचे ६३ आणि १२६ला. तिरके मोड यांच्या अधेमधे पडतात, पण या प्रकरणात मुख्य त्रास सरळ मोडांचाच निघाला.

आता बसण्याची जागा पाहा. टेबल सोयीने ठेवलेलं, त्यामुळे डोकं पुढच्या भिंतीपासून १.८३ मीटरवर, म्हणजे लांबीच्या नेमक्या मध्यावर. मध्यावर लांबीचा पहिला आणि तिसरा मोड जवळपास शून्य होतो आणि दुसरा पूर्ण जोरात असतो. म्हणजे ४७ आणि १४२ला खळगा, ९५ला उंचवटा. त्यात स्पीकरचा पुढचा भाग भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर. स्पीकरमागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो तेव्हा १२० सेंटिमीटर जास्त चाललेला असतो. ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी तेवढीच आहे तो उलट्या फेजमध्ये, म्हणजे एकाच्या चढावर दुसऱ्याचा उतार असा, येऊन थेट आवाजाला कापतो. तो स्वर १४४ हर्ट्झ. एकाच जागी दोन कारणं एकमेकांवर बसली होती.

काळी एकच्या तानपुऱ्यात जोडाचा षड्ज १३८.६ हर्ट्झला असतो, पंचम १०३.८ला, खर्ज ६९.३ला. जोड थेट खळग्याच्या काठावर. डग्ग्याची घुमक या रेकॉर्डिंगमध्ये साधारण ८० ते ११०च्या दरम्यान फिरत होती, म्हणजे उंचवट्याच्या माथ्यावरून. तबलजी मनगट दाबून मींड काढत असताना डग्गा मधेच फुगायचा आणि परत बसायचा. वाजवणाऱ्याने न केलेला दाब खोली करत होती.

मोजणी

बेहरिंगर ईसीएम८०००सारखा साधा मेजरमेंट माइक, ऑडिओ इंटरफेसवर ४८ व्होल्ट फँटम (माइकला लागणारी वीज) आणि आरईडब्ल्यू हे मोजणीचं मोफत सॉफ्टवेअर. एवढं या कामाला पुरतं. स्वस्त माइकचा वरच्या टोकाला थोडा फरक असतो, पण २०० हर्ट्झच्या खाली तो भरवशाचा. गाण्याचा लार्ज डायफ्रॅम कंडेन्सर मात्र वापरू नये. तो दिशा पाहून ऐकतो, आणि जवळ-दूर झाल्यावर त्याचा खर्ज बदलतो.

माइक स्टँडवर, टोक कानाच्या उंचीला (इथे जमिनीपासून १.२ मीटर), डोक्याच्या मध्याच्या जागी. खुर्ची बाजूला. स्वीप, म्हणजे खालून वर चढत जाणारा चाचणीचा स्वर, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, २५६के नमुन्यांचा, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला साडेपाच सेकंदांचा. घोडबंदर रोडवरच्या ट्रकांची खालची घरघर खिडकी बंद करूनही आत येते. लांब स्वीप त्या घरघरीला छोट्या स्वीपपेक्षा खूप चांगला पुरून उरतो, म्हणून लांबीवर काटकसर करू नये. पातळी बसण्याच्या जागी ७५ ते ८० डेसिबल. पंखा बंद. एसी आधी अर्धा तास चालवून खोली नेहमीच्या तापमानाला आणायची आणि स्वीपपुरता बंद करायचा. काही मिनिटांत तापमान फारसं हलत नाही.

डावा एकटा, उजवा एकटा, मग दोन्ही. नंतर माइक वीस सेंटिमीटरच्या वर्तुळात पुढेमागे, वरखाली, डावीउजवीकडे सरकवत एकूण नऊ जागा आणि त्यांची सरासरी. एका जागेच्या मोजणीवरून इक्यू (ठरावीक कंपनसंख्या कमी-जास्त करणारी जुळवणी) बसवण्याची चूक फार सर्रास होते. मग डोकं चार बोटं हललं की सगळं बदलतं, आणि दोष इक्यूला दिला जातो.

२०० हर्ट्झच्या खालचा आलेख स्मूदिंग (चढउतार सरासरीने गुळगुळीत करणं) न करता किंवा १/४८ ऑक्टेव्हवर, म्हणजे सप्तकाच्या तेवढ्या भागावर, पाहावा, वरचा १/६वर. खालच्या भागावर १/३ स्मूदिंग लावलं की खळगे नाहीसे दिसतात. आलेख छान होतो, खोली तशीच राहते.

पहिल्या मोजणीत आलं ते हिशेबाला धरूनच होतं. ९५ला सरासरीपेक्षा ११ डेसिबल वर, ११३ ते १२६ असा ५ डेसिबलचा रुंद फुगा, १४३ला १६ डेसिबलचा खळगा. स्वर किती वेळात विझतो ते दाखवणाऱ्या वॉटरफॉल आलेखात ९५चा स्वर विझायला ०.९ सेकंद घेत होता. मध्यलयीच्या ठेक्यात पुढचा डग्गा येईपर्यंत मागचा खोलीत उभाच.

आधी लावलेला इक्यू

याआधी कोणीतरी मास्टरवर, म्हणजे अख्खं गाणं ज्यातून बाहेर पडतं त्या ट्रॅकवर, एक इक्यू बसवून दिला होता. त्यात ९५ थोडा कापलेला आणि १४३ बारा डेसिबलने उचललेला. खळगा दिसला, भरून टाकला. इतकं साहजिक वाटणारं आणि इतकं निरुपयोगी दुसरं काही या कामात नाही, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

खळगा पडतो कारण थेट आवाज आणि परतलेला आवाज एकमेकांना कापतात. स्पीकरमधून १४३ दुप्पट सोडला की थेट आवाजही दुप्पट होतो आणि परतलेलाही. दोघे पुन्हा तितकेच कापले जातात. एका बिंदूवर पातळी वाढली तरी शेजारच्या जागांच्या तुलनेत खळगा तेवढाच खोल राहतो. त्यात १२ डेसिबल म्हणजे सोळापट शक्ती. एचएस७मध्ये वूफरचा (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याचा) अॅम्प्लिफायर ६० वॉटचा आहे. जिथे ३ वॉट पुरत होते तिथे ४८ मागितले जातात. ढोलकीच्या जोरदार थापेला वूफर फाटल्यासारखा वाजत होता त्याचं कारण हेच. आणि खुर्चीपासून मीटरभर दूर, सोफ्यावर, जिथे हा खळगा नाहीच, तिथे तो उचललेला १४३ पूर्ण ताकदीने पोचत होता.

उंचवट्याचं उलट आहे. तिथे खोली भर घालते. स्पीकरमधूनच तेवढं कमी सोडलं तर कानाशीही कमी होतं, आणि फिल्टरची रुंदी उंचवट्याच्या रुंदीशी जुळली तर त्या जागी रेंगाळणंही आखडतं. म्हणून उंचवटा इक्यूने कापायचा आणि खळगा जागा बदलून टाळायचा. हा क्रम उलटा करून आजवर कोणाची खोली सुधारलेली नाही.

तो इक्यू पूर्ण काढला. भिंतींवरचा एक इंची पिरॅमिड फोमही अर्धा काढला. ९५ हर्ट्झची पाव तरंगलांबी ९१ सेंटिमीटर असते, त्यापुढे एक इंच फोम म्हणजे भिंतीवरचा रंग. तो खर्जाला हात लावत नाही, फक्त वरचा आवाज खातो. टाळ-चिपळ्या मेलेल्या आणि डग्गा घुमतोय, असं उलटं चित्र त्यामुळेच उभं राहिलं होतं.

जागा बदलणं

एक पैसा खर्च न होता सर्वात मोठा फरक इथे पडला.

टेबल दहा फुटी भिंतीलाच ठेवलं, पण स्पीकर मागे ढकलले. स्पीकरच्या पेटीचं पुढून मागचं माप २८.४ सेंटिमीटर. पोर्ट (पेटीतली हवा ये-जा करायचं तोंड) मागच्या बाजूला असल्याने भिंतीपासून ६ सेंटिमीटर मोकळे ठेवले. पुढचा भाग मग भिंतीपासून सुमारे ३५ सेंटिमीटरवर आला आणि भिंतीचा खळगा १४४वरून २४७ हर्ट्झला सरकला. डोकं १.३५ मीटरवर, म्हणजे लांबीच्या ३७ टक्क्यांवर. स्पीकर एकमेकांपासून १.१५ मीटर आणि प्रत्येक स्पीकर कानांपासून तेवढाच. मध्यरेषा डाव्या-उजव्या भिंतींपासून टेपने मोजून १५२.५ सेंटिमीटर. अंदाजाने नाही, टेपनेच. या एका गोष्टीत अर्धा इंच इकडेतिकडे झाला तरी गायकाचा आवाज मधून सरकतो.

३७ टक्क्यांवर लांबीचा पहिला मोड शून्य राहत नाही, दुसरा पूर्वीपेक्षा सुमारे ३ डेसिबलने उतरतो आणि तिसरा ऐकू यायला लागतो. मोजणीतही तसंच आलं. ९५चा उंचवटा ११वरून ७.५ डेसिबलवर. १४३चा खळगा गेला आणि त्या जागी ३ डेसिबलचा उंचवटा. खळग्याच्या बदल्यात उंचवटा मिळाला तर तो सौदा नेहमी घ्यावा, कारण उंचवट्यावर औषध आहे.

भिंतीजवळ गेल्याने एकूण खर्ज वाढला. त्यासाठी इक्यूला हात न लावता स्पीकरच्या मागचं रूम कंट्रोल बटण उणे २ डेसिबलवर ठेवलं. ते ५०० हर्ट्झच्या खालचा भाग एकसारखा उतरवतं. स्पीकरमध्ये जे आधीच दिलंय ते आधी वापरावं.

पॅनल

घनमीटरला ४८ किलो घनतेचं रॉकवूल, ५० मिलिमीटर जाडीचं, चार बाय दोन फुटांचं. प्रत्येक पॅनलमध्ये दोन थर, म्हणजे चार इंच. एकूण नऊ पॅनल, १८ स्लॅब. पुढच्या दोन कोपऱ्यांत तिरपे, एकावर एक दोन, असे चार. मागच्या भिंतीवर सोफ्याच्या वर दोन, भिंतीपासून चार इंच पुढे. उजव्या भिंतीवर आणि डावीकडे प्रत्येकी एक, आरसा सरकवून जिथे स्पीकर दिसतो त्या जागी. छताला एक.

डावीकडे नेमकी खिडकी आली. तिथे पॅनल पायांवर उभं केलं, म्हणजे काम नसताना सरकवून खिडकी उघडता येते. छताचं मोजून करावं लागलं. परावर्तनाची जागा पुढच्या भिंतीपासून ८५ सेंटिमीटरवर येते, दोन फुटी पॅनल ५५ ते ११५ सेंटिमीटरपर्यंत व्यापतं, आणि छताच्या मध्यावरच्या १२०० मिलिमीटरच्या पंख्याचं पातं १२३ला सुरू होतं. आठ सेंटिमीटरची फट उरली. ती लावण्याआधी मोजली म्हणून उरली.

रॉकवूल कापताना हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मास्क. कापड असं घ्यावं की तोंडाला लावून फुंकर मारली तर पलीकडे सहज जाईल. रेक्झिन किंवा दाट सोफा-कापड लावलं तर वरचा आवाज आपटून परत येतो. पाठीला प्लायवूड ठोकू नये. एकतर मागची मोकळी हवा कामाला येत नाही, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल धरली की प्लायवर बुरशी येते. बाहेरच्या भिंतीवर पॅनल कधीच चिकटवू नये. मागे पट्टी मारून वारा खेळता ठेवावा.

एवढं केल्यावर ९५चा उंचवटा ५.५ डेसिबलवर आला, विझण्याचा वेळ ०.९वरून ०.५५ सेकंदावर. चार इंची पॅनलकडून ९५ला याहून जास्त मागू नये. खरा फायदा १२०च्या वर झाला. तिथला आवाज सुटा सुटा ऐकू यायला लागला.

फिल्टर

आता इक्यू. कुठपर्यंत लावायचा हे आधी ठरवावं. या आकाराच्या खोलीत, ०.३ सेकंद निनादकाळ (आवाज विझायला लागणारा वेळ) धरला तर मोडांचं राज्य साधारण २०० हर्ट्झला संपतं. त्याच्या वर माइकला दिसणारे दात म्हणजे थेट आवाज आणि परावर्तनं यांची बेरीज. कान त्यांना वेगळं करतो, माइक करत नाही. ते दात इक्यूने घासून सपाट केले तर स्पीकरमधून निघणारा चांगला थेट आवाज बिघडतो. २४७चा ५ डेसिबलचा खळगा म्हणूनच जसा होता तसा ठेवला.

दोन्ही बाजूंना हे चार फिल्टर (क्यू जितका मोठा तितका फिल्टर अरुंद):

९५ हर्ट्झ, उणे ५.५ डेसिबल, क्यू ७
११३ हर्ट्झ, उणे २.५ डेसिबल, क्यू ६
१२६ हर्ट्झ, उणे ३.५ डेसिबल, क्यू ६
१४२ हर्ट्झ, उणे २.५ डेसिबल, क्यू ५

उजवीकडे एक जास्तीचा: १८० हर्ट्झ, उणे २ डेसिबल, क्यू २. डाव्या भिंतीत खिडकीची काच आहे, तिच्यातून थोडा खर्ज बाहेर निघून जातो. उजवीकडे सलग काँक्रीट. तो फरक त्या एका रुंद फिल्टरने मिटला.

एकही फिल्टर वर उचलणारा नाही. ११३, १२६ आणि १४२चे तिघे शेजारी असल्याने त्यांचे उतार एकमेकांत मिसळतात. म्हणून प्रत्येकाची कपात उंचवट्यापेक्षा अर्धा-एक डेसिबल कमी धरली. ५५ हर्ट्झच्या खाली काहीच केलं नाही. एचएस७ तिथे स्वतःच उतरायला लागतो. त्याला तिथे ढकललं तर वूफरची हालचाल वाढते, आवाज नाही.

क्यू १०च्या वर का नेला नाही याचं एक ठोस कारण आहे. एसी २२ अंशांवर असताना ध्वनीचा वेग सुमारे ३४४.६ असतो, एसी बंद असलेल्या ३२ अंशांच्या खोलीत ३५०.७. तेवढ्याने ९५चा मोड पावणेदोन हर्ट्झने सरकतो. क्यू ३०चा फिल्टर जेमतेम तीन हर्ट्झ रुंद असतो. मे महिन्याच्या दुपारी तो उंचवट्याच्या बाजूला पडतो, आणि मग एक उंचवटा व शेजारी एक खड्डा अशी दोन दुखणी होतात.

फिल्टर मिनिमम फेजचे, म्हणजे नेहमीच्या प्रकारचे, ठेवावेत. लिनिअर फेज नाव ऐकायला छान वाटतं, पण मोडचं रेंगाळणं त्याने आखडत नाही. तबल्याच्या चाटीआधी हलकी सावली ऐकू येते आणि लेटन्सी (आवाज उशिरा पोचणं) वाढते ती वेगळी.

लावण्याची जागा, आणि घात होतो ते चार प्रसंग

हा इक्यू खोलीचा आहे, गाण्याचा नाही. तो मास्टर ट्रॅकवर राहिला तर बाउन्समध्ये, म्हणजे बाहेर काढलेल्या फाइलमध्ये, छापला जातो, आणि जगातल्या प्रत्येक श्रोत्याला घोडबंदरच्या या खोलीची दुरुस्ती ऐकावी लागते. इथे आधी तेच झालं होतं. जुन्या तीन गाण्यांत १४३चा उठाव छापलेला सापडला. तानपुरा अंगावर येण्याचं अर्धं कारण ते. मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरांपैकी रीपरमध्ये याची जागा मॉनिटरिंग एफएक्स, क्यूबेसमध्ये कंट्रोल रूम. दोन्हीकडे ते बाहेर काढलेल्या फाइलमध्ये जात नाही.

विंडोजवर बरेच जण इक्वलायझर एपीओ हे अख्ख्या संगणकाच्या आवाजाला इक्यू लावणारं सॉफ्टवेअर बसवतात. यूट्यूब ऐकायला ते ठीक, पण मिक्सिंगचं सॉफ्टवेअर एएसआयओवरून, म्हणजे विंडोजचा आवाजमार्ग टाळून थेट इंटरफेसला, वाजत असेल तर तो आवाज एपीओमधून जातच नाही. इक्यू लावलाय अशी समजूत करून महिनोन्महिने त्याच्याशिवाय काम होतं.

रीपरच्या रीइक्यू या इक्वलायझरमध्ये क्यू नाही, ऑक्टेव्हमधली बँडविड्थ लिहायची असते. क्यू ७ म्हणजे ०.२१, क्यू ६ म्हणजे ०.२४, क्यू ५ म्हणजे ०.२९, क्यू २ म्हणजे ०.७१. आरईडब्ल्यूमधला आकडा तसाच टाकला तर ९५चा फिल्टर पसरून अख्खा खर्ज घेऊन बसतो. डावा-उजवा वेगळा करायला दोन रीइक्यू घेऊन पिन कनेक्टरमधून एकेकाला एकच चॅनल दिला.

चौथा प्रसंग हेडफोनचा. इंटरफेसवर हेडफोन आणि स्पीकर एकाच आउटपुटचे असतील तर खोलीचा इक्यू हेडफोनलाही लागतो. हेडफोनला खोली नसते. हेडफोन घालताना हा इक्यू बायपास (बंद) करावा, किंवा हेडफोनला स्वतंत्र आउटपुट द्यावं.

फिल्टर लावून झाल्यावर परत मोजणं टाळू नये, कारण प्रत्येक इक्वलायझरची क्यूची व्याख्या थोडी वेगळी असते. आरईडब्ल्यूमधून स्वीपची फाइल काढली, रीपरच्या ट्रॅकवर लावली, मॉनिटरिंग एफएक्समधून वाजवली, माइकचं रेकॉर्डिंग परत आरईडब्ल्यूमध्ये आयात केलं. असं केलं की प्रत्यक्ष काम करतानाचाच मार्ग मोजला जातो. ५५ ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात नऊ जागांची सरासरी अधिक-उणे ३ डेसिबलच्या आत आली. ९५चं विझणं ०.४ सेकंदांवर. मग पिंक नॉइज (चाचणीचा एकसारखा खळखळाट) लावून डावा आणि उजवा वेगवेगळे ७६ डेसिबलला, मीटर सी वेटिंग आणि स्लोवर. कापलेल्या फिल्टरांमुळे दोन्ही बाजूंची पातळी सारखी राहत नाही, हे विसरलं जातं.

एक गोष्ट आलेखात नीट दिसली नव्हती, ती कानाने सापडली. ६० ते १५० हर्ट्झचा साइन स्वर हळूहळू चढवत नेला, तेव्हा ९० ते ९६च्या दरम्यान खिडकीच्या अॅल्युमिनियम पट्ट्या आणि कपाटाचं एक दार खडखडत होतं. पट्टीत फेल्ट आणि दारावर दोन रबरी बटणं. डग्ग्याला चिकटलेली एक कर्कश किनार त्याने गेली. ती इतके दिवस माइकच्या माथी मारली जात होती.

कानाची परीक्षा

काळी एकचा तोच अभंग, कोणताही फेडर न हलवता. डग्ग्याची मींड आता खालून वर एका दाबात जाते, मधे फुगत नाही. जोडाचा षड्ज पंचमाच्या बरोबरीने उभा राहिला, आणि तानपुरा किती मोठा होता हे पहिल्यांदा खोलीतच कळलं. तो ३ डेसिबल उतरवला, डग्गा ४ डेसिबल चढवला. गाडीत आणि फोनच्या स्पीकरवर दोन्ही जागच्या जागी राहिले. सवय व्हायला आठवडा लागतो. पहिले दोन-तीन दिवस खोली पातळ वाटते, कारण कानाला ११ डेसिबलचा डोंगर नेहमीचा झालेला असतो. त्या दिवसांत नवं मिक्स पाठवू नये. ओळखीची, चांगली मिक्स झालेली गाणी नुसती ऐकत राहावीत.

सोफा मात्र सुटला नाही. मागच्या भिंतीला लागून लांबीचे सगळे मोड जोरात असतात, आणि फिल्टर बसवलेत ते १.३५ मीटरवरच्या खुर्चीसाठी. निर्माते सोफ्यावर बसून "खर्ज जास्त वाटतोय" म्हणतात तेव्हा त्यांच्या जागी ते खरंच जास्त असतं. त्यांच्यासाठी फिल्टर बदलला तर खुर्ची बिघडते. म्हणून खर्जाचा निर्णय घ्यायची वेळ आली की मिक्स करणारा उठतो आणि खुर्ची त्यांना देतो.